कुळाचा शोध (भाग सहावा) : आडनाव बाजूला ठेवा, नंबर शोधा

मागच्या भागात आपण त्र्यंबक-नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वंशावळीच्या वह्या पाहिल्या. त्या वह्यांत एखाद्या भावाची रेघ अचानक तुटते. पुढे बायको नाही, मुलगा नाही. असा माणूस निपुत्रिक गेला, असे लगेच धरू नये. कोकणातल्या घरांत तर नाहीच नाही, कारण तो मुंबईच्या बंदरातून मॉरिशसला गेलेला असू शकतो.

१८३४ पासून विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत साडेचार लाखांहून अधिक हिंदी मजूर करारावर तिथल्या उसाच्या मळ्यांत गेले. बहुतेक कलकत्त्याहून, त्याखालोखाल मद्रासहून. मुंबईहून गेलेले त्या मानाने थोडे आणि त्यांत रत्नागिरीकडचे आपले लोक. त्यांचे वंशज आजही तिथे गणपती बसवतात, जाकडी नाचतात. पण पहिला आला तो कोण, कुठल्या गावचा, हे अनेक घरांना सांगता येत नाही.

शोध अडतो तो आडनावापाशी. आज जे आडनाव म्हणून चालते, ते पुष्कळदा त्या पहिल्या माणसाच्या बापाचे नाव असते. समजा, बाळू राघू उतरला. कारकुनाने कानाला आले तसे रोमन लिपीत लिहिले आणि पुढच्या पिढ्या 'राघू' झाल्या. कोकणात या आडनावाचे घर शोधत फिरलात तर ते कधीच सापडणार नाही.

धरायचा धागा म्हणजे नंबर. पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटावर उतरलेल्या प्रत्येक मजुराला एक नंबर मिळे आणि पुढे लग्नाच्या, मुलांच्या जन्माच्या सरकारी दाखल्यांत तो लिहिला जाई. म्हणून स्वतःच्या दाखल्यापासून सुरुवात करावी. मग वडिलांचा, आजोबांचा, पणजोबांचा दाखला काढत मागे जावे. नंबर दिसला की मोका गावच्या महात्मा गांधी संस्थेतल्या आप्रवासी दफ्तरात मूळ नोंद शोधता येते. जहाज, बापाचे नाव, वय, जात, उंची, अंगावरची खूण, जिल्हा, गाव, कोणत्या मळ्यावर धाडले, असा तपशील तिथे असतो. १८६०च्या दशकापासून पुढे काहींचे फोटोही आहेत. मजुरावर नजर ठेवायला काढलेला तो फोटो आज पणतवंडांना पणजोबांचा चेहरा दाखवतो. मला या सगळ्या दफ्तरातली ही सर्वांत मोलाची गोष्ट वाटते.

त्यानंतरचे काम इकडचे आणि ते जास्त चिकाटीचे. गावाचे नाव वाकडेतिकडे लिहिलेले असते, एकाच नावाची दोन-तीन गावे निघतात. अशा वेळी कोतवाल बुकातल्या जन्ममृत्यूच्या नोंदी, खोतांच्या घरची मोडीतली कुळांची कागदपत्रे आणि तीर्थोपाध्यायांची वही एकमेकांशी ताडून पाहावी लागतात. नुसते नाव जुळले म्हणून नाते मानू नये; बापाचे नाव, गाव आणि वय ही तिन्ही जुळायला हवीत.

कोकणातल्या वाचकांना माझी कळकळीची विनंती आहे. 'आमचा एक पणजोबा बोटीवर चढला, तो परत आलाच नाही' एवढे जरी घरात बोलले जात असेल, तरी म्हाताऱ्या माणसांना आजच विचारून त्याचे नाव, बापाचे नाव, गाव आणि वाडी लिहून ठेवा. मोडीतले कागद रद्दीत घालू नका.