फेकायचं काय, हे ठरवण्याची मजुरी

नागपूरच्या आजी टोरांटोतल्या नातवाशी व्हिडिओ कॉलवर पंधरा-वीस मिनिटं बोलल्या, की फोन हाताला गरम लागतो. त्यात स्क्रीनचा वाटा असतो, नेटवर्कचाही असतो. पण आत आणखी एक कामगार न थांबता राबत असतो. आजींच्या प्रत्येक चित्रातलं काय पाठवायचं आणि काय टाकून द्यायचं, हे तो सेकंदाला पंचवीस-तीस वेळा ठरवतो.

टाकून द्यावं लागतंच. फुल एचडीच्या एका फ्रेममध्ये १९२० गुणिले १०८०, म्हणजे २० लाखांहून जास्त ठिपके असतात. एका ठिपक्याला तीन बाइट आणि सेकंदाला ३० फ्रेम धरल्या, तर दर सेकंदाला साडेअठरा कोटींहून अधिक बाइट होतात. ४.७ जीबीची डीव्हीडी या हिशेबाने पंचवीस सेकंदांत भरेल. सिनेमाची नामावळीसुद्धा पुरती उमटायची नाही.

यातून वाट काढणाऱ्या माणसाचा जन्म १९४० साली बेंगळुरूत झाला. त्यांचं नाव नासिर अहमद. अमेरिकेत कॅन्सस स्टेट युनिव्हर्सिटीत शिकवताना त्यांनी १९७२ मध्ये एका गणिती कल्पनेसाठी सरकारी अनुदान मागितलं आणि ते नाकारलं गेलं. अहमद यांनी काम सोडलं नाही. टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह त्यांचा निबंध १९७४ मध्ये छापून आला. त्यातलं ‘डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म’, म्हणजे डीसीटी, पुढे जेपीईजी छायाचित्रांत आणि एमपीईजी व्हिडिओत जाऊन बसलं.

कल्पना अशी. चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडायचे. मग प्रत्येक चौकोन ६४ ठरावीक नक्ष्यांच्या मिश्रणातून बनवायचा. एक नक्षी सपाट, एक आडव्या पट्ट्यांची, एक उभ्या, एक बारीक बुद्धिबळाच्या पटासारखी. आजींच्या मागची भिंत बनवायला यातल्या दोन-तीन नक्ष्या पुरतात, बाकीच्यांचं प्रमाण शून्याच्या आसपास येतं. ते सरळ शून्य धरलं तरी डोळ्याला पत्ता लागत नाही. मोजक्या आकड्यांत चित्र उभं करण्याच्या या युक्तीला ‘स्पार्स’, म्हणजे विरळ मांडणी म्हणतात.

पण कोणत्या नक्ष्या बिनकामाच्या, हे कळण्यासाठी आधी सगळ्याच मोजाव्या लागतात. खर्च आहे तो इथे.

सरधोपटपणे केलं तर एका चौकोनाला ६४ गुणिले ६४, म्हणजे ४०९६ गुणाकार लागतात. आधी ओळी आणि मग स्तंभ असा क्रम लावला की ते १०२४ वर येतात. १९८९ मध्ये लोफ्लर, लिख्टेनबर्ग आणि मोशिट्झ यांनी आठ ठिपक्यांची ओळ अवघ्या ११ गुणाकारांत बसवली. त्यामुळे अख्ख्या चौकोनाचं काम १७६ गुणाकारांत उरकू लागलं. एचडीच्या एका फ्रेममध्ये असे ३२,४०० चौकोन असतात. नुसत्या उजेड-अंधाराचा हिशेब धरला तरी सेकंदाला ३९८ कोटी गुणाकारांचं काम १७ कोटींवर आलं. उत्तर मात्र तेच. २००३ च्या एच.२६४ या व्हिडिओ मानकाने तर या पायरीवर गुणाकारच काढून टाकले आणि बेरीज-वजाबाकी व अंक सरकवण्यावर भागवलं.

नक्ष्या ६४ च का, असा प्रश्न कुणालाही पडेल. शब्दसंग्रह मोठा असला की माणूस थोड्या शब्दांत नेमकं बोलतो. तसाच नक्ष्यांचा मोठा कोश ठेवला तर? स्टेफान माला आणि झिफेंग झँग यांनी १९९३ मध्ये ‘मॅचिंग परस्यूट’ ही पद्धत मांडली. कोशातला सर्वांत जुळणारा तुकडा उचलायचा, चित्रातून वजा करायचा आणि उरलेल्यासाठी पुन्हा शोधायचं. पद्धत जरा हावरट आहे. समोर दिसेल तो सर्वांत मोठा घास ती आधी घेते, पुढच्या पंगतीचा विचार करत नाही. पण नाइलाज आहे. मोठ्या कोशातून सर्वोत्तम जुळणी अचूक शोधणं इतकं अवघड, की त्यासाठी कायम झटपट चालेल अशी सरसकट पद्धत कुणाला सापडलेली नाही.

बर्कलीतल्या राल्फ नेफ आणि अविदेह झाखोर यांनी ही हाव व्हिडिओला लावली. त्यांचा निबंध १९९७ चा. त्यांच्या कोशात ४०० नक्ष्या होत्या. प्रत्येक नक्षी १६ बाय १६ च्या खिडकीत प्रत्येक जागी लावून पाहायची, तर एका घासासाठी एक लाखाहून जास्त तुलना! मग काटकसर आली. आधीच्या फ्रेमशी तुलना करून उरलेला फरक जिथे सर्वांत ठळक, तिथेच शोधायचं, अख्खं चित्र धुंडाळायचं नाही. नक्ष्या अशा निवडायच्या, की आडवा आणि उभा हिशेब वेगवेगळा करता येईल. अगदी कमी वेगाच्या जोडणीवर त्यांचं चित्र तेव्हाच्या डीसीटी पद्धतीपेक्षा नितळ दिसे, चौकोनांचे सांधे उघडे पडत नसत. तरीही प्रचलित मानकं डीसीटीच्या घराण्यातच राहिली. मोजक्या बेरजांत जे काम होतं, त्यासाठी लाखभर तुलना कोण करणार?

सर्वांत मोठी बचत मात्र हिशेब सुरूच न करण्यात आहे. एखाद्या चौकोनात आधीच्या फ्रेमपेक्षा फारसा फरक नसेल, तर त्याचे सगळे आकडे शेवटी शून्यच होणार, हे साध्या वजाबाकीवरून आधीच ओळखता येतं. मग त्या चौकोनाचं डीसीटी करायचंच नाही. आजी खुर्चीत बसून बोलत असतील, तर मागची भिंत, कॅलेंडर आणि देवघराचा कोपरा यांतले बरेचसे चौकोन असे फुकटात सुटतात.

तेवढ्यात त्यांना अंगणातला मोगरा दाखवायची हुक्की येते. फोन हातात घेऊन त्या चालायला लागतात, भिंत हलते, दार हलतं, आणि आतल्या कामगाराला पुन्हा प्रत्येक चौकोनाशी झुंजावं लागतं.