पावसाळी ओढे व 'उतार'

सह्याद्रीतील ओढे आखूड व खड्या पात्राचे असल्याने पावसाच्या सरीबरोबर फुगतात आणि पाऊस थांबताच लवकर ओसरतात. (पूर ओसरणे व पायी ओलांडण्याजोगी जागा या दोहोंस मराठीत 'उतार' हाच शब्द असावा, हे लक्षणीय होय.) धोका खोलीपेक्षा वेगाचा अधिक. वेग दुप्पट झाला की पाण्याचा रेटा चौपट होतो. उलट कंबरभर पाण्यात पायांवरील भार जवळजवळ निम्म्यावर येतो व पाय तळ धरीत नाहीत. गढूळ पाण्याखाली धोंडे गडगडत असल्यास थांबणेच इष्ट. एरवी रुंद पात्रात, प्रवाहाकडे तोंड करून, काठीच्या आधाराने उतरावे. कमरेस दोर बांधण्याची चाल मात्र घातक आहे: पडलेला मनुष्य ताणलेल्या दोरामुळेच पाण्याखाली दाबला जातो.