हा नाच माझा कसा?

के-पॉपवर नाचणारी पोरं-पोरी आता जालन्यात नवलाईची राहिलेली नाहीत. मोतीबागेत मोबाईल कशाला तरी टेकवून, गॅदरिंगच्या आधी रिकाम्या वर्गात बाकं सरकवून, नाहीतर गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या आडोशाला प्रॅक्टिस सुरू असते. स्टेप परफेक्ट, टायमिंग परफेक्ट, मानेचा झटकासुद्धा थेट व्हिडिओतल्यासारखा. आणि घरातल्या कुणाचा तरी प्रश्न ठरलेला : ‘‘हे काय आपलं आहे का?’’

यावर ‘मग आपलं काय?’ असं उलट विचारता येतं. लावणी म्हणावी, तर तीही बऱ्याच घरांत मुलींना स्टेजवर करू देत नाहीत. म्हणजे कोरियन नको, कारण ते परकं. लावणी नको, कारण लोक काय म्हणतील! तरी तो टोमणा सोडून दिला तर खालचा प्रश्न फालतू नाही. दुसऱ्याकडून शिकलेला नाच माझा कधी होतो? होतो तरी का?

गंमत अशी, की हाच प्रश्न शंभर वर्षांपूर्वी एका कोरियन मुलीलाही पडला होता. तिचं नाव चोई सुंग-ही, जन्म 1911चा. कोरिया तेव्हा जपानच्या ताब्यात होता. 1926 साली सोलमध्ये इशिई बाकू या जपानी नर्तकाचा कार्यक्रम झाला. जपानमध्ये आधुनिक नृत्य रुजवणाऱ्या पहिल्या पिढीतला हा माणूस. चोई तेव्हा चौदा-पंधरा वर्षांची. तिनं तो कार्यक्रम पाहिला आणि ती त्याच्या मागोमाग थेट जपानला शिकायला गेली. म्हणजे शिकली काय, तर पश्चिमेकडून जपानमध्ये आलेलं आधुनिक नृत्य, तेही राज्यकर्त्यांच्या देशात. आपल्या मातीतला नाच तिच्याकडे नंतर आला. हान सोंग-जुन या कोरियन पारंपरिक नृत्याच्या जाणकाराकडे ती शिकली, त्या हालचाली तिनं आधुनिक रंगमंचावर नव्यानं बसवल्या आणि तिशीच्या आत ती अमेरिका, युरोपचे दौरे करत होती.

ऐकायला सक्सेस स्टोरी वाटते, पण तिची पंचाईत संपली नाही. जपानी प्रेक्षकांना तिच्यात ‘आपल्या वसाहतीतली नाजूक नर्तकी’ हवी होती. कोरियन लोकांतल्या अनेकांना ती जपान्यांची झालेली वाटे. दुसऱ्या महायुद्धानंतर ती उत्तर कोरियात गेली. तिथं तिनं कोरियन नृत्याच्या मूळ हालचालींची रीतसर मांडणी केली, आणि पुढं तिथल्याच राजवटीच्या मर्जीतून उतरली. 1969मध्ये ती गेली. आज कोरियन नृत्याचा इतिहास तिला वगळून लिहिता येत नाही.

कोरिया राहू द्या. असाच पेच आपल्याकडं, पुण्यातल्या एका नर्तिकेनं सोडवलाय. त्या गोष्टीची एक दोरी तर आपल्या मराठवाड्यातूनच सुटते.

सुचेता भिडे-चापेकर. जन्म 1948. आचार्य पार्वतीकुमारांकडे त्या भरतनाट्यम शिकल्या आणि पुढं तंजावर परंपरेतले थोर गुरू के. पी. किट्टप्पा पिळ्ळै यांच्याकडे. आता मराठी मुलगी भरतनाट्यम शिकते म्हणजे नेमकं काय होतं? गाणी तमिळ, तेलुगू किंवा संस्कृत. संगीत कर्नाटक. बोल म्हणणारा नट्टुवनार झांजा वाजवत बसलेला. अंग शिकतं, पण कान घरी वेगळंच ऐकत वाढलेला असतो : अभंग, नाट्यगीत, रेडिओवरचा ख्याल. शब्दाचा अर्थ आधी वहीत लिहून घ्यायचा, मग चेहऱ्यावर आणायचा. के-पॉपच्या ओळी देवनागरीत लिहून पाठ करणाऱ्यांना ही अडचण वेगळी सांगायला नको.

मात्र पार्वतीकुमारांनी त्याआधी एक भलतंच काम करून ठेवलं होतं. हे कोकणातले, मालवणकडचे. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात भरतनाट्यमसाठीच लिहिलेल्या मराठी रचना आहेत, आणि त्या लिहिणारे राजे भोसले आहेत, हे त्यांनी मनावर घेतलं.

हे भोसले कुठले? वेरूळचे! मालोजीराजे वेरूळचे, त्यांचे चिरंजीव शहाजीराजे. जिजाऊंचं माहेर सिंदखेडराजा तर आपल्या जालन्याच्या उंबऱ्यावरच. शहाजीराजांचे दुसऱ्या पत्नीपासूनचे पुत्र व्यंकोजी, म्हणजेच एकोजी, यांनी 1675च्या सुमारास तंजावर घेतलं. तिथून 1855पर्यंत, इंग्रजांनी राज्य खालसा करेपर्यंत, कावेरीच्या काठी मराठी दरबार होता. शिवाजी महाराजांनी 1679 साली जालन्यावर स्वारी केली हे आपण शाळेत वाचतो. त्याच काळात त्यांचे सावत्र भाऊ तंजावरला राज्य करत होते, हे मात्र पुस्तकात एका ओळीत उरकतं.

या घराण्याला नाट्य-संगीताचं वेडच होतं. एकोजींचे पुत्र शहाजी यांनी सतराव्या शतकाच्या अखेरीस मराठीत नाटकं लिहिली. विष्णुदास भाव्यांचं 1843 त्यानंतर दीडेकशे वर्षांनी येतं, हे लक्षात घ्या. पुढं सरफोजी दुसरे (राज्यकाळ 1798 ते 1832) यांनी नृत्यासाठी मराठी ‘निरूपणं’ लिहिली. निरूपण म्हणजे जयजय, शरणु, अलारु, शब्द, वर्ण, पद, तिल्लाना असं करत मंगळापर्यंत जाणारी अठरा रचनांची माळ. कथा एक, राग एक, ताल एक. आजच्या भाषेत सांगायचं तर पूर्ण कॉन्सेप्ट अल्बम. याच दरबारात चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू हे चार भाऊ होते, ज्यांना ‘तंजावर चतुष्टय’ म्हणतात. आज कुठल्याही भरतनाट्यम क्लासमध्ये अलारिप्पूपासून तिल्लान्यापर्यंत जो क्रम शिकवतात तो त्यांनी बांधून दिलेला. किट्टप्पा पिळ्ळै त्यांच्याच वंशातले.

पार्वतीकुमारांनी ही निरूपणं कागदावरून पुन्हा अंगात आणली. त्यांचं ‘तंजावूर नृत्यप्रबंध’ हे पुस्तक त्याच कामाचं फळ. सुचेताताई या रचना नाचल्या, त्याही मराठी येत नसलेल्या प्रेक्षकांसमोर. म्हणजे ‘हे आपलं आहे का’ या प्रश्नाला त्यांच्याकडे चक्क ग्रंथालयातलं उत्तर होतं.

इथं थांबता आलं असतं. राजे आपले, शब्द आपले, विषय संपला. मला विचाराल तर हे उत्तर पुरेसं नाही. शब्द राजांनी लिहिले खरे, पण ते नाचलं कोण? देवदासी. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात राजराज चोळाचा अकराव्या शतकातला शिलालेख आहे, त्यात देवळाच्या सेवेतल्या चारशे नर्तकींची नावं घर क्रमांकासकट कोरलेली आहेत. आणि त्याच मंदिराच्या भिंतीवर सरफोजींनी 1803 साली भोसले घराण्याचा लांबलचक मराठी इतिहास कोरवून घेतला. एका देवळात दोन यादी. पुढं विसाव्या शतकात नाचाचं ‘सदिर’ हे नाव जाऊन ‘भरतनाट्यम’ आलं, 1936मध्ये रुक्मिणीदेवींची संस्था उभी राहिली, ‘चांगल्या घरच्या’ मुली शिकू लागल्या. 1947 साली मद्रासमध्ये देवदासी सोडण्याची प्रथा कायद्यानं बंद झाली. प्रथा गेली हे उत्तमच झालं. पण ज्या बायकांनी हा नाच पिढ्यान् पिढ्या सांभाळला, त्यांच्यातल्या टी. बालसरस्वतींसारख्या मोजक्याच मोठ्या रंगमंचावर मानानं टिकल्या. बाकीच्यांचा नाच दुसऱ्यांचा झाला. ‘आपला नाच’ असं छाती फुगवून म्हणताना हे आठवलेलं बरं. लावणीलाही हे जसंच्या तसं लागू पडतं.

सुचेताताई मात्र तंजावरच्या मराठीवर थांबल्या नाहीत. शब्द मराठी झाले, संगीत कर्नाटकच होतं. कानाचा प्रश्न तसाच राहिला. ऐंशीच्या दशकात त्यांनी हिंदुस्थानी संगीतावर भरतनाट्यम रचायला घेतलं आणि त्याला नाव दिलं ‘नृत्यगंगा’.

वाचायला सोपं वाटतं. गाणं बदललं, बास! तसं नसतं. भरतनाट्यमचं तंत्र कर्नाटक तालाशी विणलेलं आहे. तिथं ताल हातावर मोजतात, मृदंग त्याभोवती मोकळा फिरतो, आणि पायाचे बोल नट्टुवनार म्हणतो. इकडं तबल्याचा ठेका अखंड चालू असतो, ठेक्यातच सम आणि खाली ऐकू येते. विलंबित एकतालात दोन मात्रांमध्ये एवढी जागा असते की अरमंडीत, म्हणजे गुडघे बाहेर वळवून अर्धं बसलेल्या अवस्थेत, नर्तकीनं त्या जागेत करायचं काय? रागांचंही तेच. आपला मालकंस म्हणजे तिकडचा हिंदोलम, आपला भूप म्हणजे मोहनम. स्वर तेच, चालण्याची ढब निराळी. कर्नाटक गायकीत स्वर हेलकावतो. आपल्याकडं तो बराच वेळ स्थिर राहतो. सुरावर नाचणाऱ्या शरीराला हा फरक लगेच कळतो. हेलकावा नसेल तर हात कशावर हलवायचा? स्थिर स्वरावर स्थिर उभं राहायलाही शिकावं लागतं.

यावर शुद्धतेच्या बाजूनं बोलणाऱ्याचा आक्षेप काय असेल ते सांगायला ज्योतिषी नको : कर्नाटक संगीत काढलं तर भरतनाट्यम उरतं कुठं? आक्षेपात दम आहे. कुठलंही गाणं लावा आणि त्यावर मुद्रा करा, हा प्रकार आपण स्नेहसंमेलनात भरपूर बघतो. फरक पडतो तो आधी काय केलं यानं. ज्यानं जुनं पूर्ण शिकून घेतलंय, त्याला कुठला टाका उसवला तर कापड फाटेल हे माहीत असतं. आणि परंपरा म्हणतो तीही कुणीतरी बदललेलीच असते. वर सांगितलेल्या चार भावांपैकी वडिवेलू हे युरोपातून आलेलं व्हायोलिन कर्नाटक संगीतात रुजवणाऱ्यांपैकी एक. आज व्हायोलिनशिवाय कर्नाटक मैफल डोळ्यांसमोर येते का?

नृत्यगंगेत पुढं कितीतरी रचना झाल्या, पुण्यात शिष्यांची पिढी तयार झाली, 2007चा संगीत नाटक अकादमी पुरस्कारही मिळाला. मला त्यातलं जास्त महत्त्वाचं वाटतं ते असं, की त्यांनी नाच सोडून दुसरा घेतला नाही. तोच नाच घेऊन बसल्या आणि त्यातला एकेक भाग ‘हा मला कसा लागतो’ म्हणून तपासत गेल्या. आधी शब्द, मग सूर. यात वर्षं गेली, दशकं गेली. रीलच्या हिशेबात हे बसत नाही, मान्य.

जाता जाता अजून एक नाव. रोहिणी भाटे (1924 ते 2008), पुण्यातल्या ‘नृत्यभारती’च्या संस्थापक. त्यांचंही सुरुवातीचं शिक्षण पार्वतीकुमारांकडेच, पण त्या कथककडे वळल्या आणि तिथं आपली वाट केली. लखनौ-जयपूरचं कथक शिकलेल्या, संस्कृत ग्रंथांत बुडालेल्या या बाईंनी इझाडोरा डंकनचं आत्मचरित्र मराठीत आणलं, ‘मी इझाडोरा’. अमेरिकेत जन्मलेली, बॅलेचे बूट झुगारून अनवाणी नाचलेली, आधुनिक नृत्याची आई म्हणवली जाणारी इझाडोरा पुण्यातल्या कथक गुरूला इतकी जवळची वाटावी! परकं आणि आपलं यांच्यातली भिंत वाटते तेवढी जाड नसते, याचा मला मिळालेला हा सगळ्यात आवडता पुरावा.

मग मोतीबागेतल्या त्या के-पॉपवाल्यांचं काय? कव्हर करणं ही चोरी नाही. शिकण्याची सुरुवात नकलेनंच होते. चोईनं इशिईची केली, प्रत्येक शिष्य गुरूची करतो. फक्त एकदा तरी गाणं बंद करून, तीच आठ मोजणी ढोलकीवर किंवा संबळावर नाचून बघा. कुठं अडखळता ते लिहून ठेवा.

आणि एक रविवार काढा. जालन्याहून संभाजीनगर साठेक किलोमीटर, एसटी आहे, रेल्वे आहे. वेरूळला सगळेच जातात, तिथल्या एकविसाव्या लेण्यात, रामेश्वरमध्ये, नाचणारा शिव आहे, तो बघाच. पण बीबी का मकबऱ्यामागच्या डोंगरातल्या औरंगाबाद लेण्यांकडे फारसं कुणी वळत नाही. त्यातल्या सातव्या लेण्यात, गाभाऱ्याच्या आत, भिंतीवर एक नर्तकी आहे आणि तिच्या दोन्ही बाजूंना वाद्यं घेऊन बसलेल्या सहा जणी. पूर्ण बँड बायकांचा, साधारण सहाव्या-सातव्या शतकातला. आत अंधार असतो, मोबाईलचा टॉर्च चार्ज करून न्या.