गोळीचं अंतर भोकात नसतं

१६ जानेवारी २०२५ रोजी बिदरमध्ये भरदिवसा, स्टेट बँकेसमोर, एटीएमची रोकड नेणाऱ्या कर्मचाऱ्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या. एकाचा जीव गेला. असं काही घडलं की भालकी-औरादकडच्या कट्ट्यावर गावठी कट्ट्याचीच चर्चा रंगते आणि कुणीतरी छातीठोक सांगतो, "भोक मोठं, म्हणजे गोळी जवळून."

भोकावरून फारसं काही कळत नाही. नळी कवटीला टेकवून झाडली तर वायू कातडीखाली शिरून जखम चांदणीसारखी फाटते, एवढा एक अपवाद. एरवी वाचायचं असतं ते भोकाभोवतीचं. गोळीबरोबर काजळी आणि अर्धवट जळलेल्या दारूचे कण बाहेर पडतात. पिस्तुलाची काजळी साधारण वीतभर, फार तर फूटभर जाते आणि ओल्या फडक्याने पुसली जाते. कण दोन-तीन फूट जातात, कातडीत रुततात. ते गोंदण धुऊन निघत नाही. त्यापुढे मात्र दहा फूट काय नि शंभर फूट काय, खुणा सारख्याच. अहवालात 'साडेसात फूट' शोधणाऱ्याची निराशा ठरलेली.

हे आकडेही ढोबळच. म्हणून जप्त केलेल्या त्याच हत्याराने, तशाच काडतुसांनी, वेगवेगळ्या अंतरांवरून पांढऱ्या कापडावर गोळ्या झाडून ठसे जुळवतात. गावठी कट्ट्याची नळी कारखान्याच्या मापाची नसते, त्यामुळे त्याला पुस्तकातला तक्ता लावणं धोक्याचं.

हातावर नायट्रेट सापडलं म्हणजे गोळी यानेच झाडली, हाही जुना समज. नायट्रेट शोधणारी मेणाची ती चाचणी केव्हाच बाद झाली. तुरीला नायट्रेटचं खत टाकून आलेला कलबुर्गीचा शेतकरीही तिच्यात आरोपी ठरला असता! आता सूक्ष्मदर्शकाखाली शिसं, बेरियम आणि अँटिमनी एकाच कणात शोधतात. तो कणही हस्तांदोलनातून दुसऱ्याच्या हाताला लागू शकतो, आणि हात धुतले की निघूनही जातो.

आणि जखम स्वच्छ दिसली म्हणून गोळी लांबूनच आली असंही नाही. काजळी सदऱ्यानेच अडवलेली असते. गडद, रक्ताळलेल्या कापडावर ती डोळ्यांना दिसत नाही. रसायन लावल्यावर शिशाचे कण गुलाबी उमटतात. पण त्यासाठी सदरा धड हाती यावा लागतो. दवाखान्यातल्या घाईत कात्री नेमकी छिद्रातूनच फिरते, आणि सावलीत वाळवून कागदात गुंडाळायचे ओले कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत बुरशी धरत बसतात.