संप, टाळेबंदी आणि कायमची बंदी : झळ कोणाला?

संप कामगार करतात, टाळेबंदी मालक लादतो. दोन्हींत नोकरीचे नाते तुटत नाही. कारखाना कायमचा बंद झाला की ते तुटते. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्याने त्यासाठी सर्वसाधारणपणे सेवेच्या दर वर्षामागे 15 दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून ठरवला. भोपाळचा युनियन कार्बाइड कारखाना संपाने वा टाळेबंदीने बंद पडला नाही. 2-3 डिसेंबर 1984 च्या वायुकांडानंतर तो कायमचा थांबला आणि कामगारांचा रोजगार गेला.

कंत्राटी कामगाराला मात्र तिन्ही प्रसंग जवळपास सारखेच. भोपाळ असो वा बीना रिफायनरी, गेटपासवर हजेरी लागली नाही तर वेल्डर-फिटरची त्या दिवसाची मजुरी बुडते. कंत्राटदाराने पगार थकवल्यास मुख्य मालकाने तो द्यावा, असे 2025 पर्यंत लागू असलेला 1970 चा कंत्राटी कामगार कायदा सांगत होता, हे खरे. पण ती हमी केलेल्या कामाची, बुडालेल्या दिवसांची नव्हे. कंत्राट पद्धतीवर बंदी आली तरी हे कामगार आपोआप कायम होत नाहीत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्ये ‘सेल’ (स्टील ऑथॉरिटी ऑफ इंडिया) खटल्यात दिला. छोटा कंत्राटदारही सुटत नाही: त्याचे बिल झालेल्या कामाच्या मोजमापावर निघते, भाड्याच्या क्रेनचे पैसे मात्र काम थांबले तरी द्यावे लागतात.