ट्रेलरच्या टपावर कोणतं सीलंट? आधी टप ओळखा

(ध्वनिभागाचं शब्दांकन. बोलताना झालेली पुनरुक्ती तेवढी कमी केली आहे.)

मागच्या भागानंतर सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न असा: "ट्रेलरच्या टपावरच्या भेगा भरायच्या आहेत, कोणतं सीलंट घेऊ? फक्त नाव सांगा." नाव सांगतो, पण लगेच नाही. कारण मीही एकदा असंच नुसतं नावावर जाऊन आणलं होतं, आणि त्याची किंमत आमच्या घरात सगळ्यांनी मोजली.

झालं असं. इथे मिशिगनमध्ये आम्ही एक जुना ट्रॅव्हल ट्रेलर घेतला. पहिल्याच ऑक्टोबरमध्ये टपावर चढलो तर बाथरूमच्या व्हेंटभोवतीचं सीलंट तडकलेलं. घरात सिंकसाठी आणलेली सिलिकॉनची ट्यूब होती. बाथरूममध्ये पाणी अडवतं, मग इथे का नाही अडवणार? फासलं. दिसायलाही छान, गुळगुळीत. एप्रिलमध्ये आत गेलो आणि व्हेंटशेजारी छताला अंगठा लावला, तर अंगठा आत गेला. ओल्या बिस्किटासारखं झालं होतं.

वर जाऊन बघतो तर सिलिकॉनची कड नखासारखी सुटून वर आलेली. तिच्याखालून पाणी शिरलं, हिवाळ्यात गोठलं, गोठताना फुगलं, फट आणखी उघडली. टपाचं आवरण अगदी पातळ असतं आणि त्याखाली प्लायवुड किंवा तसलीच लाकडी फळी. ती एकदा कुजायला लागली की बाहेरून काहीच दिसत नाही. दुरुस्तीचे पैसे गेले ते भारतात जायच्या तिकिटांसाठी ठेवलेल्या पैशांतून. दिवाळीला येत नाही, हे आईला फोनवर सांगताना कारण काय सांगितलं? "टप गळला."

तर आता कामाचं बोलू.

पहिली गोष्ट, तुमचा टप कशाचा आहे? साधारण चार प्रकार दिसतात: ईपीडीएम म्हणजे रबर, टीपीओ म्हणजे प्लास्टिकच्या जातीचं आवरण, फायबरग्लास आणि ॲल्युमिनियम. शेवटचे दोन हाताला कडक लागतात, लगेच कळतात. घोटाळा होतो तो पहिल्या दोघांत, कारण दोन्ही वरून पांढरी. जुन्या ईपीडीएमवर हात फिरवला तर बहुधा खडूसारखी पांढरी पूड हाताला लागते. नक्की बघायचं असेल तर आतून व्हेंटची सजावटीची चौकट काढा, तिथे आवरणाची कापलेली कड दिसते. खालची बाजू काळी असेल तर ईपीडीएम, करडी किंवा पांढरी असेल तर बहुधा टीपीओ. ट्रेलरचे कागद असतील तर त्यातही लिहिलेलं असतं.

दुसरी गोष्ट, काय वापरायचं नाही. आपल्याकडे कोकणात पावसाळ्याआधी पत्र्याच्या भोकांवर डांबर लावतात. बाबा दर मे महिन्यात लावायचे, त्यामुळे माझाही हात आपसूक तिकडे जातो. पण ईपीडीएमला पेट्रोलियमचं वावडं आहे. डांबर किंवा पेट्रोलियम असलेला क्लीनर लागला की ते रबर फुगतं, फुगे धरतं. आणि सिलिकॉन? रबरी टपाला ते नीट धरत नाही, हा अर्धाच तोटा. खरा तोटा पुढे आहे. ते काढलं तरी त्याचा पातळ थर मागे राहतो आणि त्यावर दुसरं कुठलंही सीलंट चिकटत नाही. प्लास्टिकच्या पट्टीने खरवडायला मला दोन दिवस लागले. टपाचं सीलंट कायमचं नसतं, काही वर्षांनी पुन्हा लावावंच लागतं. म्हणून निवडताना एवढंच विचारा: पुढच्या वेळी यावर काही चिकटेल का?

तिसरी गोष्ट, मग घ्यायचं काय? सपाट भागावर, म्हणजे व्हेंट, स्कायलाइट, अँटेना आणि स्क्रूच्या डोक्यांवर 'सेल्फ-लेव्हलिंग' लॅप सीलंट. हे डोशाच्या पिठासारखं आपोआप पसरतं आणि बारीक फटीत उतरतं. डायकॉरचं बऱ्याच ठिकाणी मिळतं, मीही आता तेच वापरतो. पण उतारावर किंवा उभ्या कडेला हे लावलं तर ओघळून खाली येईल. तिथे 'नॉन-सॅग' घ्यायचं, ते चक्क्यासारखं लावलं तिथेच राहतं. दोन्ही ट्यूब शेजारी शेजारी असतात, रंगही सारखा, म्हणून लेबल वाचा. तुमच्या टपाच्या प्रकाराचं नाव त्यावर असलंच पाहिजे. टीपीओ असेल तर हे दोनदा तपासा.

लांब सांधा किंवा फाटलेली जागा असेल तर इटर्नाबाँडसारखी टेप चांगली. ती रोलरने दाबून बसवायची. मात्र ती इतकी घट्ट धरते की उद्या खालचा व्हेंट बदलायचा झाला तर फार कष्ट पडतात. जे बदलावं लागू शकतं त्यावर टेप नको.

आणि एसीच्या कडेने काहीही भरू नका. टपावरच्या एसीखाली चौकोनी गॅस्केट असतं, ते बोल्टच्या दाबाने पाणी अडवतं. गळत असेल तर आतून बोल्ट बघा, नाहीतर गॅस्केट बदला.

आता लावायची रीत. सैल झालेलं आणि तडकलेलं जुनं सीलंट काढा. त्याच जातीचं जे घट्ट बसलंय ते राहू द्या, त्यावर नवं लावलेलं चालतं. साबणाच्या पाण्याने धुवा, पूर्ण वाळू द्या, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. हवा कोरडी हवी, तापमान १० अंश सेल्सिअसच्या वर. वर साय लवकर धरते, पण आतून सुकायला बरेच दिवस लागतात, म्हणून पहिल्या बर्फाच्या आदल्या दिवशी हे काम काढू नका. शिडी धरायला खाली कुणीतरी हवं, आणि टपावर एका जागी सगळा भार देऊ नका.

वर्षातून निदान दोनदा टपावर चढाच. मी एप्रिल आणि ऑक्टोबर धरलेत. सगळे सांधे बघायचे, पुढची-मागची कड बोटाने दाबायची, आणि खाली उतरल्यावर आत जाऊन छताचे कोपरेही दाबायचे. पाणी जिथे शिरतं तिथेच दिसेल असं नाही, फळीवरून वाहत ते हातभर लांब जाऊन उतरतं.

या सगळ्याला एक सकाळ आणि एक-दोन ट्यूब पुरतात. कोकणातल्या आगोटीसारखंच आहे हे, पाऊस यायच्या आधी करायचं काम.

तुमच्या टपाचा प्रकार ओळखू येत नसेल तर कापलेल्या कडेचा फोटो पाठवा, पुढच्या भागात त्यावर बोलू. आणि हो, यंदा दिवाळीला आम्ही घरी जातोय. तोवर टप कोरडा ठेवा. भेटूच.