पंपाच्या मोटारीचा डोळा व त्याची राखण

विहिरीवर मोट चालत असे त्या काळीं मोट हांकणाऱ्याचें सारें कसब एका गोष्टींत असे. मोट थारोळ्यापर्यंत आली किंवा नाहीं, हें त्यास नेमकें कळावें लागे. बैल क्षणभर आधीं मागें घेतले तर भरली मोट विहिरींत परत जाई. क्षणभर उशिरां घेतले तर नाड्यावर व बैलांच्या खांद्यांवर फुकट ताण पडे. आतां मोट गेली व तिच्या जागीं विजेचा पंप आला. परंतु योग्य क्षण ओळखण्याची ती जुनी अडचण मात्र पुरतीपणीं गेलेली नाहीं. अलीकडील कांहीं मोटारी अशा आहेत कीं, त्यांच्या पोटांतील फिरता भाग या घटकेस कोठें आहे हें कळल्यावांचून त्यांना हांकतांच येत नाहीं. ही बातमी देणारें उपकरण हरभऱ्याच्या दाण्याहूनहि लहान असतें, आणि त्याच्या तारांकडे दुर्लक्ष केल्यामुळें आमचें स्वतःचें एक पीक धोक्यांत आलें होतें. तसा प्रसंग आमच्या वाचकांवर येऊं नये, म्हणून हा लेख लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

ह्या मोटारी कोणत्या?

खांबावरील वीज घेऊन चालणारी नेहमीची मोटार, जिला इंडक्शन मोटार म्हणतात, तिला अशा बातमीची गरज नसते. तिच्या स्थिर वेटोळ्यांत फिरतें चुंबकक्षेत्र आपोआप उत्पन्न होतें व रोटर, म्हणजे फिरता भाग, त्याच्या मागें ओढला जातो. सौर पंपांची गोष्ट थोडी निराळी आहे. केंद्र सरकारनें २०१९ सालीं कुसुम योजना व महाराष्ट्र सरकारनें २०२४ सालीं ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ ही योजना सुरू केल्यापासून सौर पंपांचा प्रसार झपाट्यानें झाला आहे. या पंपांपैकीं कांहींना इंडक्शन मोटार असते, तर कांहींना बिनब्रशाची, म्हणजे व्यवहारांत जिला बी.एल.डी.सी. म्हणतात ती मोटार असते. ई-रिक्षा व विजेवर चालणाऱ्या पुष्कळशा दुचाक्या यांतहि हीच जात आढळते.

बिनब्रशाच्या मोटारींत रोटरवर कायमचे चुंबक बसविलेले असतात व भोंवतालच्या स्थिर भागांत वेटोळ्यांचे तीन संच असतात. जुन्या डी.सी. मोटारींत कोणत्या वेटोळ्यास केव्हां वीज द्यावी हें काम कोळशाचे ब्रश व कम्युटेटर करीत. ब्रश झिजत, ठिणग्या पडत, म्हणून ते काढून टाकण्यांत आले व त्यांचें काम कंट्रोलरकडे आलें. परंतु कंट्रोलर मोटारीपासून दूर पेटींत बसलेला. त्यास रोटर दिसणार कसा? त्यासाठीं मोटारीच्या आंत ‘हॉल सेन्सर’ नांवाचे तीन डोळे बसवितात.

अमेरिकेंतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठांत एडविन हॉल या विद्यार्थ्यानें १८७९ सालीं सोन्याच्या पातळ वर्खावर प्रयोग करून असें दाखविलें कीं, वीज वाहत असलेल्या पत्र्यावर चुंबकाचा प्रभाव पडला तर पत्र्याच्या दोन कडांमध्यें किंचित् विद्युद्दाब उत्पन्न होतो. याच तत्त्वावर हे सेन्सर चालतात. चुंबकाचें एक टोंक समोर आलें कीं सेन्सर सुमारें ५ व्होल्टांचा ‘होकार’ देतो, दुसरें टोंक आलें कीं शून्य व्होल्टाचा ‘नकार’ देतो. तीन सेन्सरांच्या होकार-नकारांचे सहा मेळ होतात, व त्यांवरून कंट्रोलर पुढचें वेटोळें निवडतो. तिन्ही होकार किंवा तिन्ही नकार असा मेळ नेहमीच्या मांडणींत कधींच येत नाहीं. तो आला तर बातमी खोटी आहे असें समजून चांगला कंट्रोलर मोटार थांबवितो.

गोंगाट कोठून येतो?

आतां ही नाजूक बातमी ज्या तारांतून येते, त्यांच्या शेजारूनच मोटारीला शक्ति देणारी जाड केबल जाते. त्या केबलींत वीज संथपणें वाहत नाहीं. कंट्रोलर तिचे सेकंदास कित्येक हजार तुकडे करून ती मोटारीस देतो. प्रत्येक तुकड्याच्या आरंभीं व शेवटीं दाब एकदम उसळतो किंवा कोसळतो. समजा, ३०० व्होल्टांचा दाब सेकंदाच्या एक दशलक्षांश भागाच्याहि तिसऱ्या हिश्शांत चढला. दोन तारा कांहीं मीटर लगत गेल्या म्हणजे त्यांच्यामधील प्लास्टिकचें आवरण लहानशा कॅपॅसिटरासारखें वागतें, व अशा जोडींतून सुमारें दशांश अँपिअरचा झटका सेन्सराच्या तारेंत शिरूं शकतो. सेन्सराच्या तारेंतील स्वतःचा प्रवाह मात्र सहसा अवघा कांहीं सहस्रांश अँपिअर असतो. बाजारांत ढोल वाजत असतां कानांत सांगितलेला निरोप जसा ऐकूं येत नाहीं, तसेंच येथें होतें.

दुसरी वाट चुंबकाची आहे. फॅरडे यानें १८३१ सालीं दाखविल्याप्रमाणें बदलता प्रवाह शेजारच्या तारेच्या वेढ्यांत वीज उत्पन्न करतो. जाड केबलींतील प्रवाह जितका अधिक, तितका हा उपद्रवहि अधिक.

आमचा अनुभव

आमच्या विहिरीवर असा एक पृष्ठभागावरील सौर पंप आहे. कंट्रोलराची पेटी प्रथम विहिरीच्या कांठींच होती. पावसापासून ती वांचावी म्हणून आम्हीं ती ६० फूट दूरच्या गोठ्यालगतच्या खोलींत हलविली. सेन्सराची मूळ केबल अपुरी पडली. तेव्हां तिला घरांतील दिव्यांसाठीं वापरतात तसल्या साध्या तारा जोडल्या, आणि खर्च वांचविण्यासाठीं त्या मोटारीच्या केबलीसह एकाच प्लास्टिकच्या पाईपांतून पुरल्या.

पंप सकाळीं उत्तम चाले. ऊन चढलें, पॅनेलांतून पुरा प्रवाह येऊं लागला कीं मोटार गचके खाई, घरघरे व बंद पडे. कंट्रोलरवर अतिप्रवाहाची खूण दिसे. त्या वेळीं उन्हाळी भुईमुगाला आऱ्या सुटत होत्या. ह्या अवस्थेंत पाण्याचा ताण पडला तर आऱ्या कोरड्या जमिनींत नीट शिरत नाहींत व शेंगा कमी धरतात, हें शेतकऱ्यास सांगावयास नको. मोटार जळाली असें समजून आम्हीं ती उतरवून वाइंडिंग भरणाऱ्याकडे नेली. त्यानें तपासून ती निर्दोष ठरविली. आठ दिवस गेले, भाड्याचा खर्च झाला, शेजाऱ्याकडून पाणी घ्यावें लागलें, आणि दोष होता तसाच राहिला.

अखेर एका जाणत्या कारागिरानें वीज पूर्ण बंद करून सेन्सराच्या तारा पाईपांतून काढल्या व जमिनीवर हातभर अंतरानें निराळ्या पसरल्या. त्या दुपारीं पंप एकदाहि थांबला नाहीं. दोष मोटारींत नव्हता, कंट्रोलरांतहि नव्हता. तो आमच्या काटकसरींत होता.

राखणीचे चार उपाय

पहिला उपाय कवचाचा. सेन्सरासाठीं तांब्याच्या विणलेल्या जाळीचें कवच असलेलीच केबल घ्यावी. जाळी भोंवतीं असली म्हणजे उसळत्या दाबाचा झटका आंतील तारेंत न जातां जाळीवर पडतो व तिच्या वाटेनें परत फिरतो. धातूच्या वेष्टणाच्या आंत बाहेरील विद्युत्क्षेत्र पोंचत नाहीं, हें फॅरडे यानेंच १८३६ सालीं मोठा पिंजरा करून सिद्ध केलें होतें. परंतु पाटाला वाट न देतां नुसता बांध घातला तर पाणी जसें दुसरीकडून फुटतें, तसेंच न जोडलेल्या जाळीचें आहे. ती निदान कंट्रोलराच्या बाजूस त्याच्या धातूच्या पेटीशीं पक्की जोडलेली पाहिजे. जाळीची लांब शेपटी वळून स्क्रूखालीं दाबण्यापेक्षां ती सर्व बाजूंनीं पट्टीखालीं आवळणें चांगलें. कारण लांब शेपटी अतिवेगवान् झटक्यांस अडथळा करते. मोटारीकडील टोंक जोडावें कीं नाहीं, याविषयीं निर्मात्याची सूचना प्रमाण मानावी. मोटारीचा व कंट्रोलराचा सांगाडा जाड तारेनें एकमेकांस नीट जोडलेला असेल, तर दोन्ही टोंकें जोडल्यानें वेगवान् झटक्यांपासून अधिक चांगलें रक्षण होतें. तशी जोडणी नसेल तर जाळीतूनच नको तो प्रवाह वाहूं लागतो.

दुसरा उपाय पिळाचा. तांब्याची जाळी चुंबकी उपद्रवास फारशी अडवीत नाहीं. तेथें पीळ उपयोगी पडतो. बातमीची तार व तिची परतीची तार एकमेकींभोंवतीं पिळल्या कीं एका वेढ्यांत उत्पन्न झालेली वीज पुढच्या उलट्या वेढ्यांत बहुतांशीं नाहींशी होते. टेलिफोनच्या तारांसाठीं ही युक्ति अलेक्झांडर ग्रॅहम बेल यानें १८८१ सालींच योजिली होती.

तिसरा उपाय अंतराचा, आणि तो सर्वांत स्वस्त आहे. दोन्ही केबली निराळ्या पाईपांतून न्याव्या व त्यांच्यांत निदान एक फूट जागा ठेवावी. एकमेकींस ओलांडणें भाग पडलें तर काटकोनांत ओलांडावें. प्लास्टिकचा पाईप पाण्यापासून व उंदरांपासून रक्षण करतो, गोंगाटापासून नव्हे.

चौथा उपाय उगमाशींच करावयाचा. मोटारीच्या तिन्ही तारा व अर्थिंगची तार एकाच केबलींत एकत्र असाव्या; त्या सुट्या सुट्या नेल्या तर त्यांचें चुंबकक्षेत्र दूरवर पसरतें. शक्य असेल तेथें या केबलीसहि कवच असावें व तिची लांबी कमींत कमी ठेवावी. कंट्रोलर मोटारीजवळ ठेवून त्याजवर छप्पर घालणें हें कंट्रोलर दूर नेण्यापेक्षां पुष्कळदां शहाणपणाचें असतें. आम्हींहि शेवटीं तेंच केलें.

याशिवाय कंट्रोलराच्या आंत गाळणी असते, ती एवढ्याचसाठीं. मिनिटास ३,००० फेरे घेणाऱ्या, चुंबकांच्या ४ जोड्या असलेल्या मोटारींत सेन्सरांची खरी बातमी सेकंदास १,२०० वेळां बदलते, म्हणजे दर बदलास सुमारें ८३० दशलक्षांश सेकंद मिळतात. गोंगाटाचा झटका बहुधा एक-दोन दशलक्षांश सेकंदांत संपतो. म्हणून थोडें थांबून मग विश्वास ठेवणारी गाळणी बराच गोंगाट टाळूं शकते. परंतु गढूळ पाणी फारच आलें तर गाळणीहि तुंबते. तिच्या भरंवशावर तारा कशाहि टाकूं नयेत.

जेथें डोळाच नको

कवच तारांस घालतां येतें, सेन्सरास सर्व बाजूंनीं घालतां येत नाहीं. कारण त्यास रोटरचा चुंबक जाणवलाच पाहिजे. म्हणून कांहीं मोटारींत दांड्याच्या टोंकास निराळा छोटा चुंबक बसवून सेन्सर तेथें ठेवितात व वेटोळ्यांच्या बाजूस लोखंडी पत्रा घालतात. विजेवर चालणाऱ्या अनेक मोटारगाड्यांत ‘रिझॉल्व्हर’ वापरतात; तो मुख्यतः वेटोळ्यांचा बनलेला असून उष्णता व हादरे यांस दाद देत नाहीं. त्याच्याहि तारा पिळाच्या व कवचाच्याच असतात.

बोअरमधील पाणबुडी पंपांत बहुधा सेन्सर नसतोच. शेंकडों फूट नाजूक तारा जाड केबलीलगत पाण्यांत सोडणें म्हणजे गोंगाट व गळती दोहोंस आमंत्रण होय. तेथें वीज न दिलेल्या वेटोळ्यांत फिरत्या चुंबकामुळें जो दाब उत्पन्न होतो, तो मोजून कंट्रोलर रोटरची जागा ओळखतो. मोटार स्थिर असतां हा दाब नसतो, त्यामुळें आरंभीं ती ठराविक क्रमानें ढकलून चालू करावी लागते. पंपाला हें चालतें. चढावर भार घेऊन निघणाऱ्या गाडीला सेन्सरच बरा.

सावधगिरी

दुपारीं थांबणारा प्रत्येक पंप गोंगाटानेंच थांबतो असें नाहीं. कंट्रोलर तापणें, सांध्यांत पाणी शिरणें, उंदरानें तार कुरतडणें, सेन्सर निकामी होणें, हींहि कारणें असतात. परंतु मोटार उतरविण्यापूर्वीं सेन्सराच्या तारा निराळ्या करून पाहणें हें फुकटचें निदान आहे.

तें करतांना एवढें ध्यानांत ठेवावें: ऊन असेपर्यंत पॅनेलांतील वीज बंद होत नाहीं. पॅनेलाकडील मुख्य बटण बंद करावें, कंट्रोलरावर लिहिलेला वेळ थांबावें, दाब नाहीं असें मीटरनें पाहावें, आणि मगच जाणत्या माणसानें तारांस हात लावावा. आम्हांस त्या आठ दिवसांत एकानें असाहि सल्ला दिला कीं, अर्थिंगची तार तोडा म्हणजे गोंगाट थांबेल. तो आम्हीं ऐकला नाहीं, व कोणींहि ऐकूं नये. ओल्या विहिरीच्या कांठीं ती तार माणसांच्या व गुरांच्या जिवाची राखण करते. मोटारीच्या डोळ्याची राखण तिच्या मोलानें करावयाची नसते.

पाऊस उघडल्यावर पंपाची झाडलोट करतांना आमच्या सभासदांनीं पाईप किती आहेत, एक कीं दोन, एवढें तरी पाहून घ्यावें. दुसऱ्या पाईपाचा व जाळीच्या केबलीचा खर्च आम्हीं नंतर केलाच. तो आधीं केला असता तर भुईमुगाचें तें पाणी चुकलें नसतें.